डायलवर सांगली दिसते का?

जुन्या काळावरची मालिका चालू असते, घरातला रेडिओ लागतो, आणि आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी भागात बघत बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "सेट झकास हाय, खरं त्या वेळचा नव्हं ह्यो." असं म्हणणारा बहुधा सत्तरी ओलांडलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याचं बरोबर असतं. बाकीचे कॅबिनेट बघतात. तो डायल बघतो.

रेडिओचं वय ठरवताना सगळ्यात कमी विश्वास कॅबिनेटवर ठेवावा. गोल कोपऱ्यांची लाकडी पेटी, पुढे कापड, खाली बटणं हा थाट तिशीच्या दशकापासून साठीच्या दशकापर्यंत टिकला. त्यातून आपल्याकडे गावोगावचे मेकॅनिक सुटे भाग आणून सेट जुळवत आणि पेटी सुताराकडून करून घेत. मर्फी, फिलिप्स, बुश, एचएमव्ही, नॅशनल-एको ही नावं पुढच्या बाजूला दिसली तरी ती पट्टी दोन स्क्रूंवर किंवा दोन खिळ्यांवर असते. एका सेटची काढून दुसऱ्याला लावायला पाच मिनिटं पुरतात. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी डायल, मग पाठ, मग वीज कुठून येते ते, आणि शेवटी आवाज. पेटी सगळ्यात शेवटी बघितली तरी चालते.

डायलवर पहिल्यांदा बँड बघायचे. लाँग वेव्हची पट्टी असेल तर तो सेट युरोपच्या बाजारासाठी झाला. भारतात लाँग वेव्हवर कार्यक्रमच नव्हते, त्यामुळे इथल्यासाठी बनलेल्या सेटवर एक मीडियम वेव्ह आणि एक, दोन किंवा तीन शॉर्ट वेव्ह असत. डायलवर हिल्व्हर्सम, अॅथलोन, लक्झेंबर्ग अशी नावं दिसली की गोष्ट पक्की. कॅम्पातल्या इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यात असा सेट शोभतो, शहापूरच्या विणकराच्या घरात शोभत नाही. इंग्लिश सेटवर 'लाइट' आणि 'थर्ड' हे शब्द असतील तर आणखी सोपं. बीबीसीचा लाइट प्रोग्राम जुलै १९४५ मध्ये सुरू झाला आणि थर्ड प्रोग्राम सप्टेंबर १९४६ मध्ये, म्हणजे 'छोडो भारत'च्या प्रसंगात तो सेट बसत नाही. पियानोसारख्या पांढऱ्या पट्ट्या आणि त्यांतल्या एकीवर 'यूकेडब्ल्यू' (एफएमच्या पट्ट्याचं जर्मन नाव) असेल तर जर्मन सेट, पन्नाशीच्या दशकातला. आपल्याकडे एफएम पहिल्यांदा मद्रासला आलं, २३ जुलै १९७७ रोजी. त्याआधीच्या काळातल्या भारतीय घरात डायलवर 'एफएम' ही अक्षरं दिसली तर तो आजचा 'रेट्रो' डबा समजावा. मालिकांत सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच. असे डबे ऑनलाइन लगेच मिळतात, वजनाला हलके असतात आणि पाठीमागे यूएसबीचं भोक असतं.

नंतर गावांची नावं. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला ऑल इंडिया रेडिओची सहा केंद्रं आली: दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. लाहोर, पेशावर आणि ढाका पलीकडे गेले. डायलवर लाहोर आणि ढाका दिल्लीच्या रांगेत छापलेले असतील तर सेट फाळणीच्या आधीचा, निदान त्या काळच्या साच्यातला. मग आपल्या मुलखाकडे या. धारवाड केंद्र ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झालं, पुणे २ ऑक्टोबर १९५३ रोजी आणि सांगली ६ ऑक्टोबर १९६३ रोजी. या तीन तारखा कलादिग्दर्शकाने डायरीत लिहून ठेवाव्यात, कारण सीमाभागातल्या कुठल्याही कथेत त्या कामाला येतात. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्या दिवसाचा प्रसंग असेल तर डायलवर धारवाड आणि पुणे चालेल, सांगली चालणार नाही. विविध भारतीचं गाणंही चालणार नाही, कारण विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ची. रेडिओ सिलोन मात्र चालेल. १९५२ च्या अखेरीपासून दर बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची गीतमाला शॉर्ट वेव्हवर लागत होती.

उलट बाजूने हा नियम लावू नये. डायलवर सांगली नाही म्हणून सेट १९६३ पूर्वीचा ठरत नाही. कंपन्या जुनी काच वर्षानुवर्षं वापरत, आणि छोटी केंद्रं कित्येक डायलवर कधी आलीच नाहीत. असलेलं नाव पुरावा देतं, नसलेलं नाव फक्त शंका. हा फरक कळला नाही की चांगला सेट नाकारला जातो.

डायलवरचे आकडेही वेळ सांगतात. जुन्या डायलवर मीटर असतात किंवा किलोसायकल. किलोहर्ट्झ साठीच्या दशकानंतर हळूहळू आलं, त्यामुळे १९४२ च्या डायलवर ते नको. मीटरवरून किलोसायकल काढायचं तर तीन लाखाला मीटरने भागायचं. मुंबईतून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी चालवत असलेला काँग्रेस रेडिओ १९४२ च्या ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत '४२.३४ मीटर' अशी घोषणा करून बोलत होता. तीन लाख भागिले ४२.३४ म्हणजे साधारण ७,०८५ किलोसायकल. ही शॉर्ट वेव्ह झाली. मग ज्या घरात तो काँग्रेस रेडिओ ऐकताना दाखवायचा तिथे शॉर्ट वेव्हचा बँड असलेलाच सेट हवा, आणि नट बटण फिरवतो तेव्हा काटा त्याच पट्टीत हवा. मीडियम वेव्हच्या मधोमध थांबलेला काटा आणि त्यातून येणारी भूमिगत घोषणा, हे जाणत्याला लगेच खटकतं.

आणखी एक बारकावा. आज धारवाड ७६५ किलोहर्ट्झवर आहे, पुणे ७९२ वर, सांगली १२५१ वर. तिन्ही आकड्यांना ९ ने नि:शेष भाग जातो. हे योगायोगाने झालेलं नाही. २३ नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेतल्या मीडियम वेव्ह केंद्रांची मांडणी ९ किलोहर्ट्झच्या अंतराने झाली आणि केंद्रांचे आकडे थोडे थोडे सरकले. १९६५ च्या प्रसंगात निवेदकाच्या तोंडी आजचा आकडा घालू नये. आकडा सांगायचाच नाही, हा सुरक्षित मार्ग. नावंही त्या काळची हवीत. नवी डायल छापून घेणारे डीटीपीवाले सवयीने 'मुंबई' आणि 'पुणे' टाकतात. छापील इंग्रजी डायलवर तेव्हा बॉम्बे, पूना आणि कॅलकटा असे.

आता सेट फिरवून पाठ बघू. भोकं पाडलेला दाबीव पुठ्ठा, त्यावर चिकटवलेला कागद, कागदावर व्हॉल्व्हची, म्हणजे ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांची, मांडणी. हा कागद शाबूत असेल तर निम्मं काम झालं. फिलिप्सच्या मॉडेल क्रमांकाचं शेवटचं अक्षर बघा. 'ए' म्हणजे फक्त एसी, 'यू' म्हणजे एसी-डीसी दोन्ही, 'बी' म्हणजे बॅटरी. कागद गेला असेल तर व्हॉल्व्ह वाचायचे. युरोपियन पद्धतीच्या व्हॉल्व्हचं नाव म्हणजे त्याचा जन्मदाखलाच. 'ईसीएच ८१' घ्या. पहिलं अक्षर फिलॅमेंटचं, म्हणजे आत तापणाऱ्या तारेचं: 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट, 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअरवर ओळीने जोडायचा, 'डी' म्हणजे १.४ व्होल्टचा बॅटरीवाला. मधली अक्षरं काम सांगतात: 'सीएच' मिक्सर, 'एफ' पेंटोड, 'एल' आउटपुट, 'झेड' रेक्टिफायर. आकड्यातला पहिला अंक बैठक सांगतो, आणि वय ठरतं ते इथे. ३ म्हणजे ऑक्टल, आठ जाड पिनांची काळी बैठक, तिशीच्या मध्यापासूनची. ४ म्हणजे रिमलॉक, काचेच्या कडेला छोटा उंचवटा असलेली, चाळिशीच्या उत्तरार्धातली. ८ म्हणजे नोव्हल, नऊ बारीक पिनांची, पन्नाशीच्या दशकातली. ९ म्हणजे सात पिनांची छोटी, बॅटरी सेटमधली 'डीके ९६' मालिका त्यातली.

म्हणजे पाठीमागून ईसीएच ३५ दिसला तर चाळिशीचा प्रसंग बिनघोर करा. ईसीएच ४२ असेल तर स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ अशी फौज असेल तर पन्नाशीचा उत्तरार्ध किंवा साठी. कॅमेरा सेटच्या पाठीमागे जाणार नसेल तर याची फिकीर कशाला, असं विचारणारे भेटतात. पण सेट भाड्याने देणारा 'चाळीस सालचा' म्हणून देतो तेव्हा त्याचं म्हणणं तपासायला दुसरा मार्ग नाही. आणि पाठ बघितलेली असली की पुढच्या बाजूला काय बदललंय तेही कळतं.

हिरवा डोळा, म्हणजे मॅजिक आय, असेल तर त्याचा आकार बघा. गोल आणि त्यात मिटणारी सावली असेल तर ईएम ३४ च्या घराण्यातला. पंख्यासारखा पसरणारा ईएम ८०, आडव्या पट्टीसारखा जुळून येणारा ईएम ८४. शेवटचे दोन पन्नाशीतले. कॅमेऱ्याला हा डोळा फार आवडतो, म्हणून दिग्दर्शक कुठल्याही सेटला तो मागतात. साध्या घरगुती सेटला तो बहुधा नसे.

विजेचा प्रश्न सीमाभागात सगळ्यात जास्त चुकतो. गोकाकच्या धबधब्यावर १८८७ साली वीज तयार झाली खरी, पण ती गिरणीसाठी. खानापूर किंवा चंदगडकडच्या खेड्यांत घरोघरी तारा पोचायला पुढे कितीतरी दशकं गेली. अशा गावातल्या १९५० च्या घरात भिंतीला प्लग आणि त्यावर मेनचा सेट दाखवला की सगळा प्रसंग पडतो. तिथे बॅटरी सेट हवा: १.४ व्होल्टचे व्हॉल्व्ह, फिलॅमेंटसाठी दीड व्होल्टची एक बॅटरी आणि प्लेटसाठी ९० व्होल्टचा विटेएवढा पॅक. त्याआधीच्या काळात मोटारीची ६ व्होल्टची बॅटरी आणि तिचं व्होल्टेज वाढवायला व्हायब्रेटर. बॅटरी महाग, म्हणून सेट दिवसभर चालत नसे. बातम्या संपल्या की बंद. त्या काळच्या घरात पाच मिनिटं ऐकायला गर्दी का होई, हे त्या विटेएवढ्या पॅकवरून कळतं. पटकथा लिहिणाऱ्याने हे ध्यानात घेतलं तर प्रसंगाला आपोआप वजन येईल.

चावडीवरचा सार्वजनिक सेट हा वेगळा विषय. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळं चालवून बघितली. तशा प्रसंगात सेटभोवती वर्तुळ, एक वही आणि चर्चा हवी. नुसते कान टवकारलेले चेहरे पुरत नाहीत.

एरियल विसरू नका. एरियलचं काम करणारी फेराइटची कांडी पोटात घेऊन सेट यायला लागले ते पन्नाशीच्या दशकात. त्याआधीच्या सेटला पाठीमागे दोन भोकं, एक एरियलचं, एक अर्थचं. एरियल म्हणजे तांब्याच्या जाळीची पट्टी, खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत किंवा छपरावर दोन बांबूंमध्ये ताणलेली. अर्थची तार नळाला नाहीतर ओल्या मातीत पुरलेल्या नळीला. या दोन तारा नसलेला चाळिशीतला सेट बहुधा धड बोलणार नाही. भिंतीवरचा स्विच गोल, बेकेलाइटचा, वर-खाली होणारा. प्लगच्या पिना गोल. वायरवर सुती विणीचं आवरण. पांढरी पीव्हीसी वायर दिसली तर ती तपकिरी कापडी पट्टीत गुंडाळली तरी लांबून चालून जाते.

आणि परवाना. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने रेडिओला परवाना लागत असे. तो पोस्टात मिळे, दर वर्षी पैसे भरून नवा करावा लागे, आणि ही पद्धत ऐंशीच्या दशकापर्यंत राहिली. सेटशेजारच्या कोनाड्यात परवान्याचं मळकट पुस्तक ठेवायला खर्च काहीच नाही, पण ज्यांनी ते पाहिलंय त्यांना त्या घरावर लगेच विश्वास बसतो.

गोवा मुक्तीवरची कथा बेळगावला अगदी जवळची. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ पासून १९६१ पर्यंत आधी आंबोलीच्या आणि नंतर कॅसलरॉकच्या रानातून 'व्हॉइस ऑफ फ्रीडम' हे भूमिगत केंद्र चालवलं. यावर प्रसंग करायचा तर एक गोष्ट नीट समजून घ्यावी: घरगुती रेडिओ फक्त ऐकतो. त्याला माईक जोडून त्यातून बोलताना दाखवणं म्हणजे त्या दोघांनी जंगलात सहा वर्षं काढून केलेलं काम न समजणं. तिथे प्रक्षेपक हवा, त्याची एरियल झाडांमधून वर नेलेली हवी, विजेची सोय हवी. घरगुती सेट हवा तो पलीकडे, ऐकणाऱ्याच्या घरी.

ट्रान्झिस्टर कधी दाखवायचा? ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ चा, बाजारातला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत ऑक्टोबर १९५४ चा. आपल्याकडे तो हातोहाती दिसायला साठीचं दशक लागलं. चामड्याचं भोकांचं कव्हर, खांद्याला पट्टा, सुट्टीवर आलेल्या मराठा रेजिमेंटच्या जवानाच्या हातात १९६५ किंवा १९७१ साली, हे चपखल बसतं. आत काळ्या रंगाच्या काचेच्या नळ्यांसारखे ओसी ४४, ओसी ४५, ओसी ७२ असतील तर सुरुवातीचा माल.

आवाजाकडे आता. व्हॉल्व्हचा सेट सुरू केला की डायलचा दिवा लगेच लागतो, आवाज मात्र वीस-तीस सेकंदांनी हळूहळू वर येतो, कारण कॅथोड तापायला वेळ लागतो. हिरवा डोळाही तेवढ्याच उशिरा उघडतो. बंद केला की आवाज एक-दोन सेकंद विरत जातो. ट्रान्झिस्टर मात्र लगेच बोलतो आणि लगेच गप्प होतो. मालिकेत वीस सेकंद कोण देणार, हे मान्य. पण उपाय सोपा आहे: नटाने आधी बटण फिरवावं, मग टोपी काढून खुंटीला लावावी, खुर्ची ओढावी, आणि तोवर आवाज यावा. हा उशीर म्हणजे दिग्दर्शकाला मिळालेली देणगी आहे. बहुतेक सेटमध्ये एका टोकाचं बटण चालू-बंद आणि आवाजाचं, दुसऱ्या टोकाचं स्टेशन लावायचं. नटाला हे एकदा दाखवून द्यावं.

दिवसा मीडियम वेव्ह जवळची ऐकू येते. बेळगावपासून सुमारे ८० किलोमीटरवरचं धारवाड दुपारी स्वच्छ लागतं. लांबची केंद्रं रात्री येतात, कारण वातावरणाचा जो खालचा थर दिवसा लहरी शोषतो तो सूर्य मावळल्यावर विरतो. शॉर्ट वेव्हवर आवाज लाटेसारखा मोठा-लहान होत राहतो, आणि स्टेशन बदलताना शिट्टी येते. ऑल इंडिया रेडिओची ती ओळखीची धून तिशीच्या दशकातली, वॉल्टर कॉफमन यांची, म्हणून १९४२ ला निर्धास्त वापरा. मात्र त्या साली निवेदकाने 'आकाशवाणी' म्हणू नये. हे नाव देशभर रुळलं ते पन्नाशीच्या उत्तरार्धात.

आता शूटिंगच्या जागेवरची तयारी. कोल्हापूरच्या चित्रनगरीत असो की येळ्ळूरच्या एखाद्या वाड्यात, भाड्याने आणलेला व्हॉल्व्ह सेट थेट प्लगमध्ये घालायचा नाही. आत अडीचशे व्होल्ट डीसी फिरतं. पन्नास-साठ वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात, कागदी कंडेन्सर गळतात. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवरचा कंडेन्सर गळला की व्हॉल्व्ह लाल होतो आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. रबराच्या वायरी हात लावताच भुगा होतात. 'यू' सेटची तर चासीच, म्हणजे आतली धातूची चौकटच, मेनला जोडलेली असते. बटणाचा छोटा स्क्रू उघडा राहिला तरी नटाला झटका बसू शकतो. खरोखर चालवायचा असेल तर आधी कंडेन्सर बदला, मग ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घालून वीज द्या. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच प्रखर राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच काढा.

शूटिंगसाठी मात्र मी चालू सेटचा आग्रह धरणार नाही. मेनची वायर आतून सोडवून टाका, डायलमागे ६.३ व्होल्ट, ०.१५ अँपिअरचा दिवा बॅटरीवर लावा, आणि आवाजासाठी पेटीत छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवा. नटाला खरा आवाज ऐकू आला की त्याचं बघणं बदलतं. एलईडी लावायचीच तर पिवळसर लावा आणि पुढे अंबर जिलेटिनचा तुकडा द्या, पांढऱ्या एलईडीने जुनी काच निळी दिसते.

डायलची काच आतल्या बाजूने कधीही पुसू नये. अक्षरं तिथेच छापलेली असतात, आणि ओल्या फडक्याच्या एका हातात धारवाड, सिलोन, सगळं पुसलं जातं. आतून फक्त मऊ ब्रश. अक्षरं आधीच गेली असतील तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या काचेचं मापात स्कॅन घेऊन पारदर्शक फिल्मवर छापून घ्या. काटा हलत नसेल तर दोरी तुटलेली असते. ड्रमवर दोन-तीन वेढे देऊन स्प्रिंगला बांधायची. दोरी ढिली राहिली तर बटण फिरतं आणि काटा तिथेच राहतो, आणि क्लोजअपमध्ये तेवढंच दिसतं.

आपल्याकडचा पावसाळा लाकडी पेटीचा वैरी. खानापूरच्या बाजूला चार महिने भिंती ओल्या असतात, सरसाने चिकटवलेला व्हीनिअर कोपऱ्यातून सुटतो, कापडावर बुरशी येते, स्पीकरचा कागद उंदीर कुरतडतात. सुटलेल्या व्हीनिअरखाली सुईने पातळ गोंद सोडायचा, वर कागद ठेवून रात्रभर क्लॅम्प लावायचा, आणि नंतर हलकं लाखेचं पॉलिश. चकचकीत पीयू मारू नका, दिव्यात ते प्लॅस्टिक दिसतं.

काम संपलं की सेल आधी बाहेर काढा, नाहीतर चार महिन्यांनी त्यातलं पाणी पेटीच्या तळात उतरलेलं असतं. मग पाठीचा पुठ्ठा लावा. स्क्रू हातानेच फिरवा, ड्रिलने नाही. बेकेलाइटचा आटा एकदा गेला की परत बसत नाही.